पुन्हा पुन्हा येणारं नॉकिंग: टायमिंगला हात लावण्याआधी इंजिन ऐका

तक्रार नॉकिंगची होती, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण ज्वाळा पोचण्याआधीच आपोआप पेटून येणाऱ्या टकटकीची. १.८ लिटरची टर्बो पेट्रोल सेदान, डायरेक्ट इंजेक्शन, मॅप (इंजिनाच्या संगणकातले टायमिंग-इंधनाचे आकडे) बदललेला, गाडी पुण्यातली. तिसऱ्या गिअरला फुल थ्रॉटल दिला की ३००० ते ३८०० आरपीएमच्या पट्ट्यात ईसीयू, म्हणजे तो संगणक, टायमिंग मागे खेचायचा, ठिणगी उशिरा पाडायचा. सगळ्यात जास्त ३ नंबरच्या सिलिंडरचं, कधी ४.५ अंश, कधी ६. गाडीची ओढ मधेच ढिली पडायची आणि ३८०० च्या पुढे परत यायची. दुरुस्ती केली की दीड-दोन हजार किलोमीटर सगळं छान, मग पुन्हा तेच. असं चार वेळा झालं.

पहिल्या वेळी पेट्रोलवर संशय घेतला. मॅप ९५ ऑक्टेन धरून लिहिलेला आणि टाकीत मधूनमधून साधं ९१ पडत होतं, त्यामुळे संशय रास्त होता. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हा पहिल्या शहरांत पुणं होतं, म्हणजे मिळायची अडचण नाही. टाकी संपवून ते भरलं आणि नॉकिंग गेलं. दोन महिन्यांनी परत आलं, तेही १०० ऑक्टेन टाकीत असताना. दुसऱ्या वेळी प्लग बदलले, एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे), गॅप ०.७ मिलिमीटर. गेलं आणि परत आलं. तिसऱ्या वेळी त्या पट्ट्यातलं टायमिंग दोन अंश कमी केलं. चौथ्या वेळी नॉक सेन्सरच, म्हणजे ब्लॉकवर बसलेला ईसीयूचा कानच, बदलला. गेलं आणि परत आलं.

या चारही वेळा एक काम आम्ही न चुकता केलं होतं आणि त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. प्रत्येक वेळी सुरुवात बूस्ट लीक टेस्टनं व्हायची, म्हणजे टर्बोच्या दाबाची हवा (बूस्ट) कुठे गळते का ते बघण्यानं. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप सुटायचा, आतलं तेल पुसलं जायचं, पाइप परत बसायचा. श्रेय मात्र पेट्रोलला, प्लगला, टायमिंगला, सेन्सरला मिळत गेलं. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

नेमकं काय वाजतं

प्लगची ठिणगी पडली की ज्वाळा मध्यापासून कडेकडे पसरत जाते. ती पोचण्याआधी कडेचं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटलं, तर ते शांतपणे जळत नाही, एकदम उडतं. त्या स्फोटाची दाबलाट सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत राहते आणि अख्खा ब्लॉक घंटेसारखा वाजतो. आपल्याला ऐकू येतं ते हेच. पिस्टन कुठे आपटतो म्हणून आवाज येतो, असं बरेच जण समजतात. तसं नाही. आपटतो तो वायू.

घंटा जितकी मोठी तितका सूर खालचा. सिलिंडरचंही तसंच आहे. साधा हिशेब असा: १८०० ला पाय (३.१४) गुणिले मिलिमीटरमधल्या बोरनं, म्हणजे सिलिंडरच्या व्यासानं, भागलं की सूर किलोहर्ट्झमध्ये मिळतो. या गाडीचा बोर ८२.५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ६.९ किलोहर्ट्झ. ७१ मिलिमीटर बोरचं छोटं इंजिन असेल तर ८.१ च्या आसपास. हा आकडा काढून ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक ऐकण्याचं साधन वापरणार असाल तर त्याचा फिल्टर इथेच लावायचा असतो. सात किलोहर्ट्झच्या आसपास बाकीचं इंजिनही कुजबुजत असतंच, म्हणून काही ईसीयू आणि काही ट्यूनर वरचा, जवळपास दुप्पट सूर ऐकणं पसंत करतात. तिथे गोंगाट कमी असतो.

हलकं नॉकिंग, एखाद-दुसरी टक, इंजिन सोसतं. कारखान्यातून आलेली गाडीसुद्धा अधूनमधून दीड अंश मागे येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण जोराच्या नॉकिंगचं नुकसान दुहेरी असतं. दाबाचा मार तर बसतोच, शिवाय पिस्टनच्या माथ्यावर वायूचा जो पातळ थर उष्णता अडवून धरत असतो तो फाटतो आणि अॅल्युमिनियम थेट भाजायला लागतं. मग रिंगांमधली भिंत तडकते, नाहीतर हेड गॅस्केट जातं. भाजलेला प्लग किंवा लाल झालेला कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवायला लागला, तर तो प्रकार वेगळा, त्याला प्री-इग्निशन म्हणतात. तिथे टायमिंग मागे घेऊन उपयोग नसतो, कारण ठिणगीचा हुकूम चालतच नसतो. तसं काही वाटलं तर पाय उचला आणि इंजिन बंद करा.

ऐकायचं कशानं

केबिनमध्ये बसून, खिडकी उघडून, भिंतीच्या कडेनं गाडी चालवून ऐकणं ही जुनी पद्धत. शांत इंजिनाला चालते. मोठा एक्झॉस्ट, टर्बो आणि फोम काढलेला डॅशबोर्ड असेल तर काही ऐकू येत नाही, आणि ज्या क्षणी ऐकू येतं तोवर नॉकिंग बरंच पुढे गेलेलं असतं.

मी अजूनही तांब्याच्या नळीनं सुरुवात करतो. एसी दुरुस्तीवाल्याकडे मिळते ती सहा-आठ मिलिमीटरची नळी, वीतभर लांब. एक टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून हातोडीनं चपटं करायचं, त्यात बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं आणि नॉक सेन्सरच्या जवळच्या एखाद्या रिकाम्या बोल्टच्या जागी ब्लॉकवर घट्ट बसवायचं. सेन्सरचा बोल्ट यासाठी वापरू नका, कारण सेन्सर आणि ब्लॉक यांच्यामध्ये काहीही घातलं की सेन्सर बहिरा होतो. नळीच्या उघड्या टोकाला दोन मीटरची रबरी नळी, ती फायरवॉलमधून आत आणि पुढे कानावर बसणाऱ्या मफमध्ये. मफ बोहरी आळीत कुठल्याही सेफ्टीच्या दुकानात मिळतात. नळीतून येताना वरचे सूर बरेच गळतात आणि कानाशी कोरडी टक पोचते, पण ती इतकी स्पष्ट असते की पहिल्यांदा ऐकणारा दचकतो.

पुढची पायरी म्हणजे कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा वेगळा पायझो सेन्सर, छोटा अॅम्प्लिफायर, फिल्टर आणि बंद कपांचे हेडफोन. तयार यंत्रं येतात. हाताशी कोणी इलेक्ट्रॉनिक्सवाला असेल तर तपकीर गल्लीतल्या सुट्या भागांवरही काम होतं. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती, तर तो सेन्सर कुठे आणि कसा बसवला. जागा घासून स्वच्छ, रंग नको, वॉशर नको, बोल्ट साधारण २० न्यूटन-मीटरला कसलेला. कमी कसला तर तो स्वतःच खडखडतो, जास्त आवळला तर आतला स्फटिक दाबला जाऊन उत्तर बदलतं. आमच्या चौथ्या दुरुस्तीत काढलेल्या जुन्या सेन्सरखाली रंगाचा पापुद्रा निघाला होता. सेन्सर चांगला होता, बसवणूक वाईट होती.

हेडफोन लावणाऱ्यानं गाडी चालवायची नाही. त्याला हॉर्न ऐकू येत नाही आणि त्याचं लक्ष रस्त्यावर नसतं. हे काम डायनोवर (गाडी जागेवर उभी ठेवून रोलरवर चाकं पळवण्याचं यंत्र), किंवा परवानगी घेतलेल्या बंद ट्रॅकवर. हायवेवर रात्री दोन वाजता करतात तसं नको. आणि चालवणाऱ्याशी आधी ठरवून घ्या की हात वर केला की त्यानं विचार न करता पाय उचलायचा.

कान आधी तयार करावा लागतो. डायनोवर २२०० आरपीएमला हलका भार धरून ठेवा आणि टायमिंग एकेक अंशानं पुढे न्या. भार कमी असल्यानं सिलिंडरमधला दाब कमी असतो, अशा वेळी क्षणभर नॉकिंग काढून पाहिलं तर इजा होत नाही. एका टप्प्यावर इंजिनाच्या सुरात पहिला दाणा पडतो. तापलेल्या तेलात मोहरी टाकल्यावर पहिला दाणा उडतो ना, तसा. आणखी एक अंश दिला की चार दाणे आणि मग तडतड. लगेच मागे या. हा पहिला दाणा एकदा कानात बसला की नंतर कितीही गोंगाटात सापडतो. ज्यांनी तो कधीच ऐकलेला नाही ते इंजेक्टरच्या टिकटिकीला नॉकिंग म्हणतात आणि खऱ्या नॉकिंगला इंजेक्टर.

एका सकाळी दोन आवाज

पाचव्या वेळी तक्रार आली तेव्हा कुठलाही पाइप न सोडता, काहीही न पुसता गाडी थेट डायनोवर घेतली. मार्च महिना, बाहेर ३६ अंश. मी मागे हेडफोन लावून, मित्र स्टिअरिंगवर, आमचे मिस्त्रीमामा बॉनेटपाशी हात मागे बांधून उभे.

आयडलला ऐकू येत होतं ते नेहमीचंच. हाय प्रेशर पंपाची टकटक आणि इंजेक्टरची शिलाई मशिनसारखी एकसुरी टिकटिक. थ्रॉटल उघडला, शिलाई मशिन पळायला लागली. २७५० च्या आसपास एक खरखर आली, पत्र्यावर नखं ओढल्यासारखी, आणि २९०० ला थांबली. मग दोनशे आरपीएम स्वच्छ. ३१०० ला मोहरी उडाली. एक, दोन, मग एकदम ओंजळभर. मी हात वर केला.

लॉग, म्हणजे ईसीयूची नोंद, पाहिला तर त्यानं दोन्ही ठिकाणी टायमिंग ओढलं होतं. पहिल्या ठिकाणी १ आणि २ नंबरचं, पुढच्या रनला (फुल थ्रॉटलच्या पुढच्या फेरीला) १ आणि ४ चं, म्हणजे सिलिंडर बदलत होते. दुसऱ्या ठिकाणी मात्र दर वेळी ३ नंबर. नुसता लॉग बघणाऱ्याला ही सगळी एकच तक्रार वाटते. कानाला त्या दोन वेगळ्या होत्या.

खरं-खोटं ओळखायची माझी कसोटी एकच आहे आणि तिनं आजवर फसवलेलं नाही. त्या पट्ट्यातलं टायमिंग तात्पुरतं चार अंश कमी करून रन परत घ्या. जळण्यामुळे होणारा आवाज नाहीसा होतो, लोखंडाचा आवाज तसाच राहतो. चार अंश कमी केल्यावर मोहरी पूर्ण गेली. खरखर जागच्या जागी. बॉनेट उघडून मित्रानं ब्रेक दाबून किंचित थ्रॉटल दिला आणि इंजिन माउंटवर झुकलं, तेव्हा मामांनी बोटानं दाखवलं: डाउनपाइपचं (टर्बोमागच्या एक्झॉस्ट पाइपचं) हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, खालच्या सबफ्रेमला टेकत होतं. नॉक सेन्सर सतत ऐकत नाही. प्रत्येक सिलिंडरच्या पॉवर स्ट्रोकमध्ये, साधारण दहा ते साठ अंशांची खिडकी उघडून ऐकतो. शील्डची खरखर ज्याच्या खिडकीत पडेल त्याच्या नावावर दोष लागत होता. शील्डचे दोन बोल्ट मोठे वॉशर घालून नव्यानं बसवले, पाइप थोडा हलवला, आवाज संपला. अर्धा तास गेला.

अशी फसवी वाजणारी मंडळी बरीच असतात. वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोच्या झडपेचा, दांडा, पॉलियुरेथेनचे कडक माउंट, थंड इंजिनातल्या पिस्टनचा डगडग आवाज, सैल स्प्लॅश गार्ड. माउंट बदलल्यावर अचानक चारही सिलिंडरमध्ये टायमिंग ओढलं जायला लागलं असेल तर आधी इकडेच बघा.

पहिल्या रनला की तिसऱ्या?

आता खरं नॉकिंग. मी नेहमीच्या सवयीनं इंटेकच्या हवेचं तापमान बघायला लागलो होतो. उन्हाळा, पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल. ईसीयूला बाहेरचा दाब धरून एकूण दाब तेवढाच हवा असतो, त्यामुळे इथे टर्बोला मुंबईपेक्षा जास्त दाबावं लागतं. २.२ बारचं लक्ष्य असेल तर माझ्या हिशेबानं टर्बोतून निघणारी हवा इथे दहाएक अंशांनी जास्त तापते. शिवाय ३६ अंशांची झळ. म्हणजे इंटरकूलर पुरेसा पडत नाही, असं मी बोलूनही गेलो.

मामा म्हणाले, "पहिल्याच रनला का वाजतंय पण? गाडी तर अजून गार आहे."

या एका प्रश्नानं काम सोपं झालं. आम्ही दहा मिनिटं थांबून सलग तीन रन घेतले, मध्ये दीड-दोन मिनिटांची विश्रांती. हवा ३९ अंशांवर असताना पहिल्या रनला ३ नंबर ६ अंश मागे. दुसऱ्या रनला हवा ४७ आणि ३ नंबर ३ अंश मागे. तिसऱ्या रनला हवा ५४ आणि ३ नंबर फक्त दीड अंश मागे. हेडफोनमध्येही तसंच, पहिल्याला ओंजळभर, दुसऱ्याला चिमूटभर, तिसऱ्याला दोन दाणे.

उष्णतेचा दोष असता तर उलटं व्हायला हवं होतं. पहिला रन स्वच्छ आणि तिसरा वाईट. तापत जाताना जे बरं होत जातं ते उष्णतेनं होत नसतं. पहिल्या रननं काहीतरी ओढून नेलं होतं आणि पुढच्या रनला ते कमी शिल्लक होतं. ज्यांना परत परत येणारं नॉकिंग छळतंय त्यांना मी सगळ्यात आधी हेच करायला सांगतो. प्रत्येक रनचा क्रमांक आणि त्याआधी गाडी काय करत होती हे लॉगच्या नावातच लिहा. बहुतेक जण सगळ्यात चांगला रन ठेवतात आणि बाकीचे पुसतात. उत्तर पुसलेल्या रनमध्ये असतं.

तेल

गाडी चार दिवस हायवेवर हलक्या पायानं चालवून परत आणली आणि डायनोवर न चढवता इंटरकूलरचा खालचा पाइप सोडला. खाली चहाचा कटिंग ग्लास धरला. अर्ध्याच्या वर भरला, काळपट, पेट्रोलचा वास मारणारं इंजिन ऑइल. इंटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांत) छोटा कॅमेरा घातला तर तेलाचा ओला पट्टा ३ नंबरच्या तोंडाशी सगळ्यात जाड होता. ३ नंबरचा प्लग काढून भिंगाखाली धरला. पोर्सेलिनच्या पांढऱ्यावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके आणि त्यात सुईच्या टोकाएवढे तीन-चार चकचकीत कण. ते चकचकीत कण पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे असतात. ते दिसले की त्या दिवसाचं ट्यूनिंग तिथेच थांबवायचं.

तेलानं नॉकिंग का होतं? ऑक्टेनची मोजपट्टी दोन द्रवांवर उभी आहे. फांद्यांच्या रचनेचं आयसो-ऑक्टेन म्हणजे १००, सरळ साखळीचं एन-हेप्टेन म्हणजे ०. सरळ आणि लांब साखळ्या आपोआप पेटायला उतावीळ असतात. इंजिन ऑइल म्हणजे अशाच लांब साखळ्या. त्याची धुकटी मिश्रणात गेली की तुम्ही शंभर ऑक्टेनचे पैसे मोजलेत तरी सिलिंडरात शंभर राहत नाही. हलक्या पायानं चालवताना तेल थेंबाथेंबानं इंटरकूलरच्या तळाशी जमतं. पहिल्या जोरदार रनला हवेचा लोंढा ते उचलून नेतो. म्हणून आमचा पहिला रन वाईट, तिसरा बरा. म्हणून दर दुरुस्तीनंतर दीड-दोन हजार किलोमीटर आराम. आम्ही पाइप पुसत होतो, तळं पुन्हा भरत होतं.

तेल येत कुठून होतं? लीक टेस्ट परत लावली, या वेळी गेजकडे न बघता. इंटेकमध्ये एक बार दाब दिला आणि इंजिनाभोवती कान फिरवला. तेल भरायच्या झाकणापाशी ठळक फुसफुस होती. थोडी हवा पिस्टनच्या रिंगांवरून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या पेटीत) जातेच, पण ती क्षीण असते. ही ब्रीदरमधल्या, म्हणजे क्रँककेसमधली वाफ परत इंटेकमध्ये सोडणाऱ्या वाटेतल्या, एकदिशा झडपेची होती. या झडपेनं बूस्ट आला की बंद व्हायचं असतं, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब क्रँककेसमध्ये शिरत नाही. आमची झडप कडक होऊन अर्धवट उघडी राहिली होती. बूस्ट क्रँककेसमध्ये, तिथून तेलाची धुकटी ब्रीदरच्या दुसऱ्या वाटेनं टर्बोच्या तोंडात, तिथून इंटरकूलरमध्ये. आधीच्या चार टेस्टमध्ये गेजचा काटा हळूहळू उतरताना आम्ही पाहिला होता आणि रिंगांवर ढकलून मोकळे झालो होतो.

ब्रीदरचा भाग नवीन घातला, इंटरकूलर उतरवून धुतला, पाइप धुतले, मॅनिफोल्डचे मार्ग आणि व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ केला. ब्रीदरच्या वाटेवर कॅच कॅन, म्हणजे तेल अडवून धरणारा डबा, लावला, आत जाळी असलेला. नुसता रिकामा डबा तेल अडवत नाही. कॅच कॅन हा झडपेला पर्याय नाही हेही सांगतो. झडप बिघडलेली ठेवून कॅन लावला तर कॅन लवकर भरतो आणि तक्रार दोन महिने पुढे जाते, एवढंच.

बाकीचे संशयित थोडक्यात

पहिला रन स्वच्छ, तिसरा वाईट, चारही सिलिंडर सारखे: उष्णता. इंटरकूलर, त्याच्या समोरचा चिखल आणि किडे, अंडरट्रे काढल्यामुळे बिघडलेली हवेची वाट हे बघा.

एकच सिलिंडर, रन कुठलाही असो, तेवढंच: तो प्लग, तो इंजेक्टर. प्लग शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग. नाही सरकला तर इंजेक्टर तपासायला पाठवा.

४५०० च्या पुढेच आणि रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणारा पेट्रोलचा दाब) लक्ष्यापेक्षा घसरतंय: पेट्रोल पुरत नाहीये. २०२५ मध्ये देशभर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलं, त्यानंतर हे जास्त दिसायला लागलंय. इथेनॉल नॉकिंगला चांगलं आहे, ऑक्टेन वाढवतं, आत बाष्प होताना हवा थंड करतं. पण तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ ला १ असं जे प्रमाण, ते ई२० ला साधारण साडेतेरावर येतं. पंप आधीच काठावर चालवणारा मॅप असेल तर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतं आणि चांगल्या इंधनावर गाडी नॉक मारते. फुल बूस्टला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० ते ०.८५ मध्ये आहे का ते बघा.

१५०० ते २२०० ला, वरच्या गिअरमध्ये, एकच मोठा ठोका आणि मग शांत: हा टायमिंगचा प्रश्न नाही. लहान टर्बो इंजिनांमध्ये तेलाच्या थेंबांमुळे ठिणगीआधीच पेटण्याचा जो प्रकार असतो, तो असण्याची शक्यता मोठी. एपीआय एसपी दर्जाचं तेल घाला, हा दर्जा २०२० मध्ये याच त्रासावरचा उपाय धरून आला. आणि सहाव्या गिअरमध्ये १५०० ला पाय दाबायचा नाही.

दोन गोष्टी करू नका

नॉक सेन्सरची संवेदना मॅपमध्ये कमी करून देणारे लोक आहेत. गाडी ओढायला लागते, ग्राहक खूश होतो. मी हे करत नाही आणि करणाऱ्याकडे गाडी नेऊ नका असं स्पष्ट सांगतो. खोटा आवाज असेल तर तो आवाज बंद करा. इंजिनाचा एकमेव पहारेकरी आंधळा करून काय मिळालं? आमच्याच गाडीत शील्डच्या खरखरीवर चिडून कोणी तसं केलं असतं, तर ३ नंबरची मोहरी ऐकायला कोणीच उरलं नसतं, आणि प्लगवर आलेले कण पुढे पिस्टनच्या कडेला भोकापर्यंत गेले असते.

दुसरं, टायमिंग कमी करून प्रश्न सुटला असं मानू नका. कसोटीसाठी कमी करा, कारण सापडेपर्यंत सुरक्षेसाठी कमी ठेवा, पण मॅपमध्ये कायमचं लिहू नका. आमचे ते दोन अंश तिसऱ्या दुरुस्तीपासून मॅपमध्ये पडून होते. झडप बदलल्यावर ते परत देताना एकेक अंश वाढवत टॉर्क बघितला. पहिल्या अंशाला टॉर्क वाढला. दुसऱ्याला जवळपास काही नाही. मोहरी नव्हती, तरीही दुसरा अंश दिला नाही. टॉर्क देत नसलेला अंश फक्त दाब वाढवतो.

कॅच कॅन पहिल्यांदा पाच हजार किलोमीटरला उघडला. तळाशी दोन बोटं पाणी मिसळलेलं तपकिरी तेल होतं. इंटरकूलरचा पाइप आतून बोट फिरवून पाहिला, बोटाला फक्त धूळमिश्रित ओशटपणा आला. एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश असताना गाडी परत डायनोवर घेतली, तीच दहा मिनिटांची विश्रांती, तेच सलग तीन रन. पहिल्याला चारही सिलिंडर शून्य. दुसऱ्याला ३ नंबर पाऊण अंश. तिसऱ्याला, हवा ५८ अंशांवर असताना, ३ नंबर दीड आणि १ नंबर पाऊण. आता क्रम सरळ आहे, तापत गेली तशी थोडी मागे आली. हेडफोनमध्ये २७५० शांत, ३१०० शांत, वरपर्यंत नुसती शिलाई मशिन. मामांनी हेडफोन मागून घेतले आणि चौथा रन स्वतः ऐकला.